चिनी सुया आणि मोडलेला कणा

आमच्या मंगरूळपीर भागात माणसाचा कणा मोडायच्या जागा बहुधा ठरलेल्या असतात. आंब्याचे नाहीतर चिंचेचे झाड, विहिरीचा काठ, पावसाळ्यापूर्वी कवेलू सारखे करण्यासाठी चढलेले छप्पर, सोयाबीनच्या पोत्यांनी शिगोशीग भरलेली ट्रॉली. त्यात आता मोटारसायकलची भर पडली आहे. पडलेला माणूस पुष्कळदा वाचतो. अकोल्याला किंवा नागपूरला त्याच्यावर शस्त्रक्रिया होते, मणक्यात पट्ट्या आणि स्क्रू बसतात, आणि काही आठवड्यांनी तो घरी येऊन बाजेवर पडतो. कमरेखाली जीव नसतो. लघवीला नळी लावलेली असते.

मग घरी येणारी-जाणारी माणसे सल्ले देऊ लागतात. कुणी म्हणतो, अमक्या गावच्या हाडवैद्याकडे न्या. कुणी म्हणतो, पाठीवर डाग द्या. आमच्या गावात दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांचे संस्थान आहे. तिथे नवस बोलला जातो, आणि बोलावाच, त्यात कुणाचे काही जात नाही. पण एखादा शहरातून ऐकून येतो : "चिनी सुया टोचून घ्या, पाय परत येतात." या सल्ल्याला मात्र पैसे लागतात, आणि ते उभे करायला कधी कधी वावर विकायला निघते. तेव्हा या चिनी उपायांत खरे किती आणि बोलाचाली किती, हे जरा नीट पाहू या. मी डॉक्टर नव्हे. महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पण ऐकलेल्या गोष्टीला पुरावा काय, हे विचारायची सवय या धंद्यात लागते, आणि इथे तीच कामी येते.

पहिल्याने कणा म्हणजे काय ते समजून घ्या. पाठीच्या कण्यात एकावर एक रचलेली ३३ हाडे असतात; त्यांतली खालची काही एकमेकांना जुळून गेलेली असतात. या हाडांच्या मधून एक पोकळ मार्ग जातो आणि त्यात मज्जारज्जू असतो. पुरुषाच्या अंगात तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. मेंदूपासून निघून तो कमरेच्या वरच्या मणक्यापाशी संपतो. त्यातून नसांच्या ३१ जोड्या फुटतात आणि अंगभर जातात. घरातल्या विजेचे उदाहरण घ्या. हाडे म्हणजे बाहेरचा पाइप, मज्जारज्जू म्हणजे आतली तार. पाइप तुटला तर तो सांधता येतो. आतली तार तुटली तर ती पुन्हा जोडण्याची विद्या अजून जगात कुणालाही साधलेली नाही. अमेरिकेत नाही आणि चीनमध्येही नाही. हाडवैद्य हाड बसवील, एखादा फार चांगला बसवीलही. पण मज्जारज्जू हे हाड नव्हे.

तार मानेत तुटली तर हात आणि पाय दोन्ही जातात. छातीच्या मागे तुटली तर हात राहतात, पाय जातात. पण पाय जाणे हेच एकटे संकट समजू नका. लघवी आणि शौच यांवरचा ताबा जातो. कातडीची संवेदना जाते, म्हणजे चटका बसला तरी कळत नाही, खडा रुतला तरी कळत नाही. याच दोन गोष्टींनी पुढे माणूस दगावतो.

आणखी एक बाब गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवी. मज्जारज्जूला दोनदा मार बसतो. पहिला मार पडताना बसतो. दुसरा त्यानंतरच्या काही तासांत आणि दिवसांत : आत सूज येते, रक्ताचा पुरवठा कमी होतो, आणि वाचलेला भागही मरू लागतो. पडलेल्याला दोघांनी काखेत आणि गुडघ्यात धरून उचलले, झोळीत घातले, मोटारसायकलवर मध्ये बसवले, की अर्धवट दुखावलेली तार पुरती जाते. आपण हे प्रेमापोटीच करतो, गडबडीत करतो, पण करतो. माणूस झाडावरून पडला आणि पाय हलत नाहीत किंवा पाठ-मान दुखते म्हणाला, तर त्याला जागेवरच राहू द्या. डोके दोन्ही बाजूंनी हातांनी स्थिर धरा. पाणी पाजू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. हलवणे अगदीच भाग असेल, तर चौघांनी मिळून, डोके, धड आणि कंबर एका रेषेत ठेवून, ओंडका वळवावा तसे एकदम वळवा आणि सपाट फळीवर घ्या. दाराची फळी चालते. मज्जारज्जूवर हाडाचा दाब असेल तर तो शस्त्रक्रियेने जितका लवकर, शक्यतो २४ तासांच्या आत, निघेल तितके बरे. या पहिल्या दिवसाचे मोल मागाहून हजार सुया टोचूनही भरून येत नाही.

आता चीनकडे वळू.

चिनी वैद्यकाची कल्पना अशी की शरीरात ‘ची’ नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. आपल्याकडच्या नाड्यांच्या कल्पनेशी तिचे दूरचे नाते लागते, पण दोन्ही एकच समजू नयेत. या मार्गांपैकी एक मार्ग पाठीच्या मधोमध वर चढतो. त्याचे नाव ‘दू माय’, म्हणजे सगळ्यांवर देखरेख करणारा मार्ग. कणा मोडला की हा मार्ग तुटला, असे चिनी वैद्य मानतो, आणि त्यावरच्या बिंदूंवर केसासारख्या बारीक सुया टोचतो. कण्याच्या दोन्ही अंगांना, बोटभरापेक्षा कमी अंतरावर, बिंदूंच्या १७ जोड्या सांगितल्या आहेत. त्यांना हुआ तुओ या प्राचीन वैद्याचे नाव दिले आहे. हा हुआ तुओ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आरंभी वारला. अलीकडे या सुयांना चिमटे लावून विजेचा अगदी मंद प्रवाहही सोडतात. सुईच्या जोडीला ‘तुइना’ नावाचे मर्दन असते, आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा वाळलेला लोकरीसारखा कापूस जाळून त्याचा शेकही असतो.

काढेही आहेत. त्यांतला एक वांग चिंगरन या वैद्याने १८३० साली आपल्या ग्रंथात सांगितला. मूळचा तो अर्धांगवायूसाठी होता. पुढे मज्जारज्जूच्या रोग्यांनाही देऊ लागले. त्यात सात द्रव्ये आहेत. सर्वांत मोठा वाटा ‘हुआंगछी’ नावाच्या एका मुळाचा. बाकीच्यांत पीचच्या बिया आहेत, वाळवलेले गांडूळ आहे, आणि, तुम्हाला गंमत वाटेल, आपल्या करडईची फुलेही आहेत! आपण करडईचे तेल काढतो, कोवळ्या पानांची भाजी करतो, फुलांकडे मात्र फारसे पाहत नाही. चिनी वैद्य त्या फुलांनी रक्त खेळते करू पाहतो. यात एक धोका आहे. पडून राहिलेल्या रोग्याच्या पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, म्हणून दवाखान्यात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात. त्या गोळ्या चालू असताना वर असला काढा घेतला तर रक्तस्राव होऊ शकतो. पुडीत काय आहे ते सांगायला जो तयार नाही, त्याची पुडी घेऊ नये.

ही विद्या आपल्याकडे आली कशी? पुष्कळांना वाटते की डॉ. कोटणिसांनी आणली. हकीकत थोडी निराळी आहे. १९३८ साली जपानने चीनवर हल्ला चढवलेला असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक तिकडे पाठवले. अलाहाबादचे अटल प्रमुख होते, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर. कोटणिसांचे नाव घराघरात गेले, शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने तर गावागावांत गेले. चोळकरांचे नाव मात्र विदर्भातही आज कुणाला चटकन आठवत नाही. असो. कोटणीस तिथेच राहिले, तिथल्या एका परिचारिकेशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले. पण त्यांचे काम होते शस्त्रक्रियेचे, जखमी सैनिकांच्या गोळ्या काढण्याचे. सुया टोचण्याचे नव्हे. सुयांची विद्या शिकून आले ते त्यांचे सोबती डॉ. विजयकुमार बसू. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, ती विद्या शिकले आणि कलकत्त्याला परतून उपचार करू लागले. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी जी केंद्रे काढली त्यांना मित्राच्या स्मरणार्थ कोटणिसांचे नाव दिले, आणि त्यामुळे लोकांच्या मनात कोटणीस आणि सुया एक झाले.

आता मुख्य प्रश्न. सुयांनी पाय परत येतात काय?

याचे उत्तर देण्याआधी, मज्जारज्जू दुखावल्यावर आपोआप काय काय होते, ते कळायला हवे. मार बसल्यावर पहिले काही दिवस किंवा आठवडे मज्जारज्जू बधिर होतो. पाय ओल्या फडक्यासारखे लोळतात. मग हा बधिरपणा हळूहळू ओसरतो. ज्याची तार पुरती तुटलेली नसते, थोडे धागे शिल्लक असतात, त्याच्या पायात पहिल्या काही महिन्यांत आपसूक थोडी संवेदना, थोडी ताकद परत येते. कुणी अंगठा हलवतो, कुणी पुढे काठी घेऊन उभाही राहतो. हे दवाखान्यातल्या रोग्याला होते आणि घरी पडलेल्यालाही होते. आणि नेमके त्या दिवसांत उशाशी जो बसलेला असतो, त्याच्या पदरी यश पडते. हाडवैद्य असेल तर हाडवैद्याला, सुईवाला असेल तर सुईवाल्याला.

याहून फसवी गोष्ट दुसरी आहे. ज्याची तार पुरती तुटली आहे, त्याचेही पाय काही आठवड्यांनी आपोआप उडू लागतात. पांघरूण ओढले की गुडघा दुमडतो, सुई टोचली की पाय झटका देतो. आई धावत शेजारी सांगायला जाते, ‘पायात जीव आला!’ बरं, तिला दोष कोण देणार? पण तो जीव नव्हे. मेंदूचा लगाम सुटला की मज्जारज्जूचा खालचा भाग आपल्याच मर्जीने असे झटके देतो. खूण सोपी आहे. रोग्याला डोळे मिटायला सांगा आणि म्हणा, ‘उजव्या पायाचा अंगठा वर कर.’ त्याच्या इच्छेने अंगठा वर झाला तर ते खरे. टोचल्यावर पाय उडाला, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. सुईच्या खोलीत दहाव्या दिवशी पाय उडाल्याचे पाहून ज्यांनी पुढच्या तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरले, अशी माणसे मी पाहिली आहेत.

म्हणूनच उपचाराची परीक्षा करायची तर सारख्या रोग्यांचे दोन गट घ्यावे लागतात. एकाला सुया, दुसऱ्याला नाहीत, बाकी सेवा दोघांना एकच. असे प्रयोग झाले आहेत. २००३ साली तैवानच्या डॉक्टरांनी नुकताच कणा मोडलेल्या १०० रोग्यांवरचा असा प्रयोग प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला विजेच्या सुया मिळालेल्या गटात पुढे अधिक सुधारणा दिसली, असे त्यांनी कळवले. आशा वाटावी असेच हे आहे. पण त्यात रोग्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही, कुणाला सुया मिळताहेत ते ठाऊक होते, आणि ठाऊक असले की डोळे जे हवे ते पाहतात. यासाठी काही प्रयोगांत खोट्या सुया वापरतात, म्हणजे बिंदू सोडून भलतीकडेच टोचतात. २००७ साली अमेरिकेत असा एक छोटा प्रयोग झाला. चाकाची खुर्ची हातांनी रेटून ज्यांचे खांदे दुखतात अशी १७ माणसे त्यात होती. खऱ्या सुयांनी दुखणे बरेच कमी झाले. खोट्या सुयांनीही बरेच कमी झाले. दोहोंतला फरक पक्का म्हणावा एवढा निघाला नाही.

चीनमध्ये असे प्रयोग पुष्कळ झाले आहेत. लघवीवरचा ताबा, पायांचा ताठरपणा, दुखणे यांत थोडाफार फायदा होतो, असे त्यांतल्या अनेकांचे म्हणणे आहे. पण ज्यांनी हे सगळे प्रयोग एकत्र मांडून तपासले, ते म्हणतात की बहुतेक प्रयोग लहान आहेत, त्यांच्या रचनेत कच्चेपणा आहे, तेव्हा त्यांवर फार भार टाकता येत नाही. माझे मत विचाराल तर असे : दुखण्यासाठी आणि लघवीच्या त्रासासाठी, बाकीची सेवा नीट चालू ठेवून, कुणाला सुया टोचून घ्यायच्या असतील आणि परवडत असेल, तर हरकत घेण्याचे कारण नाही. तुटलेली तार सुईने जुळते, हे मात्र कुणीही दाखवून दिलेले नाही.

चीनमधली दोन माणसे पाहिली म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. चांग हायदी ही १९५५ साली जन्मलेली मुलगी. पाचव्या वर्षी मज्जारज्जूच्या विकाराने तिचे छातीखालचे अंग गेले. शाळेत जाता आले नाही. १९७० साली आईवडिलांबरोबर ती शांतुंग प्रांतातल्या एका खेड्यात राहायला गेली. तिथे तिने पुस्तके वाचून सुयांची विद्या शिकली आणि खेड्यातल्या लोकांवर उपचार करू लागली. पाहा, सुई तिच्याच हातात होती. तिचे पाय परत आले नाहीत. ती खुर्चीत बसून लेखिका झाली, आणि २००८ साली चीनच्या अपंग महासंघाची अध्यक्ष झाली. दुसरे तंग पूफांग, चीनचे थोर नेते तंग श्याओफिंग यांचे चिरंजीव. सांस्कृतिक क्रांतीच्या धुमाळीत, १९६८ साली, पेकिंग विद्यापीठाच्या इमारतीवरून पडून त्यांचा कणा मोडला. पुढे वडील देशाचे सर्वेसर्वा झाले. चीनमधला कुठला वैद्य त्यांना मिळाला नसता? १९८० साली शस्त्रक्रियेसाठी ते कॅनडालाही जाऊन आले. खुर्ची सुटली नाही. मग त्यांनी अपंगांचा महासंघ उभारला आणि पेकिंगला मोठे पुनर्वसन केंद्र उभे करण्यात पुढाकार घेतला. ते १९८८ साली सुरू झाले. तिथे सुयाही टोचतात. पण त्या व्यायामशाळेशेजारी, शस्त्रक्रियागृहाशेजारी, खुर्च्यांच्या कारखान्याशेजारी. त्यांच्याऐवजी नव्हे.

हा ‘पुनर्वसन’ शब्द आपण धरणग्रस्तांसाठी वापरतो. इथे त्याचा अर्थ आहे माणसाला पुन्हा संसारात बसवणे. पहिल्या महायुद्धापर्यंत कणा मोडलेल्या सैनिकांपैकी फार थोडे वाचत. मृत्यू कण्याने येत नसे, तो यायचा पाठीच्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. १९४४ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी कणा मोडलेल्यांसाठी नवा विभाग सुरू केला. त्यांनी कोणतेही नवे औषध काढले नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रोग्याची कूस बदलायची, असा दंडक घातला. लघवी स्वच्छतेने काढायची. हातांना व्यायाम द्यायचा. आणि काम द्यायचे, खेळ द्यायचे. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी खुर्चीवरच्या १६ खेळाडूंची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. आजच्या पॅरालिंपिकचा उगम तोच. त्या पॅरालिंपिकमध्ये १९७२ साली भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते आपल्या सांगलीकडच्या मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यात. पोहायला लागले ते हातांना बळ यावे म्हणून, आणि ५० मीटरचे अंतर ३७.३३ सेकंदांत पार करून गेले.

तेव्हा घरी काय करायचे ते ऐका, यात एक पैसाही सुईवाल्याला द्यावा लागत नाही.

कूस दर दोन तासांनी बदला. रात्रीसाठी घरच्यांनी पाळ्या लावाव्यात. कपाशीला पाणी द्यायला आपण पाळ्या लावतोच की. माकडहाड, टाचा, ढुंगण, कमरेच्या दोन्ही बाजू रोज उजेडात पाहा. कातडी लाल झालेली दिसली आणि दाबल्यावर ती लाली जात नसेल, तर त्या जागेवर पुन्हा भार पडू देऊ नका. पाठ सोलली म्हणजे ती भरून यायला महिने जातात, आणि न भरली तर विष अंगात जाते. खुर्चीवर बसू लागल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग वर उचलायची सवय लावा.

लघवीची नळी कायमची आत ठेवण्यापेक्षा, स्वच्छ हात धुऊन, दर चार ते सहा तासांनी नळी घालून लघवी काढून टाकणे पुष्कळांना अधिक सुरक्षित ठरते. अमेरिकेतल्या डॉ. लॅपिडीस यांनी ही रीत १९७२ साली प्रसिद्ध केली. ज्याचे हात चांगले आहेत, त्याला ती स्वतःला करता येते. दवाखान्यातून सुटी घेण्याआधी ती शिकवून घ्या. शिकल्याशिवाय घरी येऊ नका, असेच मी म्हणेन. फुगलेल्या मूत्राशयातली लघवी उलटी मूत्रपिंडांकडे जाते आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

ज्याचा कणा छातीच्या मध्यावर किंवा त्याच्या वर मोडला आहे, त्याचे डोके एकाएकी फुटल्यासारखे दुखू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर बाहेरची बाधा शोधू नका. रक्तदाब चढलेला असतो. त्याला लगेच बसता करा, कपडे सैल करा, आणि नळी कुठे दुमडली का ते पाहा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडते. न सापडले आणि डोके थांबले नाही तर ताबडतोब दवाखाना गाठा.

आणि शेक नको. चिनी वनस्पतीचा नको, विटेचा नको, गरम पाण्याच्या बाटलीचा नको, हिवाळ्यात शेकोटीपाशी बाज ओढणे नको. डाग तर नकोच नको. ज्या कातडीला कळत नाही तिला चटका बसतो, फोड येतो, आणि त्या फोडातून जखम होते. चिनी उपचारांतला माझ्या मते सर्वांत घातक भाग हाच. सुया त्या मानाने निरुपद्रवी.

तरीही सुया घ्यायच्याच असतील तर टोचणाऱ्याला चार गोष्टी विचारा. नोंदणी आहे का? २००३ साली भारत सरकारने ॲक्युपंक्चरला केवळ एक उपचारप्रकार मानले होते. २०१९ साली स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, तेव्हा प्रमाणपत्र मागायला संकोच नको. सुया नव्या, सीलबंद, एकदाच वापरायच्या आहेत का? पाय परत येतील असे तो म्हणतो, की दुखणे कमी होईल असे म्हणतो? पहिले म्हणत असेल तर चप्पल घालून परत या. आणि तो दवाखान्याचे व्यायाम, नळी, गोळ्या चालू ठेवायला सांगतो की बंद करायला? बंद करायला सांगणारा माणूस कोणत्याही पद्धतीचा असो, तो धोक्याचा.

वाचलेला पैसा चांगल्या खुर्चीत घाला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना तरुण वयातच खुर्ची आली. त्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली आणि कितीतरी मुलामुलींना शिक्षण व काम मिळवून दिले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच ‘चाकाची खुर्ची’ आहे. शाळेच्या ग्रंथालयात ते असावे. मुंबईला हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ सालापासून आहे. पण मुंबईपर्यंत जाण्याआधी जिल्ह्याच्या रुग्णालयात अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढा. बहुतेक सरकारी सवलतींसाठी तेच आधी मागतात.

शिक्षकमित्रांना एक वेगळे सांगणे आहे. कणा मोडलेला मुलगा किंवा मुलगी तुमच्या गावात असेल, तर त्याचे नाव पटावरून कमी होऊ देऊ नका. २०१६ च्या कायद्याप्रमाणे शाळेत येण्याजाण्याची सोय करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा, आणि पायरीच्या जागी उतार बांधून घ्या. उताराचा हिशेब असा की एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. गवंडी म्हणेल, सहा फुटांत करून देतो, सिमेंट वाचेल. त्याला तसे करू देऊ नका; तेवढ्या उभ्या चढावर खुर्ची मागच्या मागे उलटते.